जाहिरातीची भाषा आणि आपले घर

(एका वस्तीतील स्त्री-पुरुषांच्या सभेत केलेले भाषण)



आज मी आपल्यापुढे जो विषय मांडणार आहे तो वरवर पाहता क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. आपल्या सभांतून शिक्षण, नोकरी, जमीन, अन्याय-अत्याचार या प्रश्नांची चर्चा होते आणि ती व्हावयासच पाहिजे. मग जाहिरातीच्या भाषेवर बोलण्यासाठी सभा कशाला भरवावी, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. त्याचे उत्तर मी आरंभीच देतो. आपल्या घरात कोणीही न बोलाविता रोज येणारा आणि सर्वांत अधिक बोलणारा असा कोणी वक्ता असेल, तर तो जाहिरात हाच होय. सकाळच्या वर्तमानपत्रात तो असतो, रस्त्यातील फलकावर असतो, बसच्या पाठीवर असतो, दूरचित्रवाणीवर असतो आणि आता तर मुलांच्या हातातील मोबाइलवरही असतो. शाळेतील शिक्षक रविवारी गप्प बसतात. हा वक्ता रविवारी अधिकच बोलतो. शिवाय तो सर्वांशी सारखे बोलत नाही. तो आपल्या मुलाला एक सांगतो आणि मुलीला दुसरेच सांगतो. तो काय सांगतो आणि कोणत्या शब्दांनी सांगतो, याची तपासणी करणे हे घरातील वडीलधाऱ्या माणसांचे कर्तव्य आहे, असे मला वाटते.

वस्तू विकत घेऊ नका, असे सांगण्यासाठी मी उभा राहिलेलो नाही. साबण लागतो, तेल लागते, ते विकणाराने आपला माल लोकांपुढे मांडला तर त्यात गैर काहीच नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, जाहिरात वस्तूबरोबर आणखी एक गोष्ट विकते. ‘स्त्री म्हणजे काय आणि पुरुष म्हणजे काय’ याची ती शिकवण असते. वस्तूचे पैसे आपण दुकानात मोजतो. शिकवणीचे मोल आपल्या मुलामुलींना पुढे जन्मभर मोजावे लागते.

व्याकरणात लपलेली निवड

प्रथम आपल्या भाषेकडेच पाहू. इंग्रजीत एखादा मनुष्य ‘मी करतो’ असे म्हणाला तर बोलणारा पुरुष आहे की स्त्री, हे त्या वाक्यावरून कळत नाही. मराठीचे तसे नाही. ‘मी स्वयंपाक करतो’ आणि ‘मी स्वयंपाक करते’ ही दोन निरनिराळी वाक्ये आहेत. यामुळे मराठीत जाहिरात लिहिणारास पदोपदी निवड करावी लागते. भांड्यांच्या साबणाची जाहिरात असली की क्रियापद ‘घासते’ असे येते. मसाल्याची असली की ‘वाढते’ आणि मुलांच्या औषधाची असली की ‘जपते’ असे येते. तेच विमा, मोटारसायकल किंवा सिमेंट यांची जाहिरात निघाली की क्रियापदे ‘ठरवतो’, ‘जिंकतो’, ‘बांधतो’ अशी बदलतात. काम कोणाचे आणि निर्णय कोणाचा, याची वाटणी वाक्याच्या शेवटच्या एका स्वरात होऊन जाते. ऐकणाराला तिचा पत्ताही लागत नाही.

यावर कोणी म्हणेल की, हा भाषेचा स्वभाव आहे, लिहिणाराचा त्यात दोष काय? परंतु हे समर्थन टिकणारे नाही. ‘तुम्ही भांडी घासता’ या वाक्यात लिंगाचा उल्लेख नाही. ‘भांडी स्वच्छ घासा’ या आज्ञेतही नाही. म्हणजे स्त्री-पुरुषांना सारखे संबोधण्याची सोय मराठीत आहे. ती असताना जो ‘घासते’ असेच लिहितो, त्याने व्याकरणाच्या नाइलाजाने तसे लिहिलेले नसते. त्याने घासणारीची निवड केलेली असते.

तीच गोष्ट नामांची. ‘गृहस्थ’ आणि ‘गृहिणी’ हे दोन्ही शब्द ‘गृह’ या एकाच शब्दावरून आलेले आहेत. परंतु ‘एक गृहस्थ भेटावयास आले’ असे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बाहेर वावरणारा प्रतिष्ठित मनुष्य उभा राहतो, आणि ‘गृहिणी’ म्हटले की चुलीपुढची बाई उभी राहते. एकाच घरातून निघालेले दोन शब्द. एक बाहेर गेला, एक आत राहिला. ‘सुगरण’ हा शब्दही असाच आहे. उत्तम स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीला आपण सुगरण म्हणतो आणि विणीचे सुरेख घरटे बांधणाऱ्या पाखरालाही सुगरणच म्हणतो. वास्तविक त्या पाखरांत घरटे विणण्याचे काम नर करतो. मादी ते पाहून पसंत करते. तरीही कौशल्याचे ते काम घराशी संबंधित आहे, एवढ्यावरून भाषेने त्याला स्त्रीचे नाव देऊन टाकले. जाहिरातदार हे शब्द निर्माण करीत नाही हे खरे. पण भाषेत जी जुनी उतरंड पडलेली असते तिच्यावर तो आपला माल रचतो आणि तिला नवा रंग देतो.

वस्तूला लिंग नसते

आता कोणी विचारील की, काही वस्तू मुळातच बायकांच्या आणि काही पुरुषांच्या नसतात काय? थोड्या असतील. परंतु बहुतेक वस्तूंना जाहिरातीची भाषाच स्त्री किंवा पुरुष करते. याचे एक प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. मार्लबरो नावाची सिगारेट १९२४ साली बाजारात आली ती स्त्रियांची सिगारेट म्हणून. ‘सौम्य’, ‘नाजूक’ अशा शब्दांनी तिची जाहिरात होत असे आणि ओठांच्या रंगाचा डाग दिसू नये म्हणून पुढे तिचे टोकही लाल करण्यात आले होते. पुढे फिल्टर लावलेल्या सिगारेटी निघाल्या, पण फिल्टर हे बायकी मानले जात असे. तेव्हा १९५० नंतरच्या काही वर्षांत कंपनीने शिकागोच्या लिओ बर्नेट यांच्या जाहिरातसंस्थेकडून त्याच नावाला नवे रूप देवविले. घोड्यावर बसलेला, उन्हाने रापलेला, अबोल गुराखी त्या सिगारेटचा चेहरा झाला, आणि जी नाजूक स्त्रियांची होती ती थोड्याच वर्षांत मर्दपणाची खूण झाली. त्या जाहिरातींत काम केलेल्यांपैकी काही जण पुढे धूम्रपानाने होणाऱ्या रोगांनीच मरण पावले. मर्दपणाचा शब्द त्यांच्या फुप्फुसांच्या उपयोगी पडला नाही.

याच देशातील दुसरे उदाहरण हक्कांची चळवळ करणाऱ्या आपण सर्वांनी विशेष लक्षात ठेवावे असे आहे. अमेरिकेतील स्त्रियांना १९२० साली मताधिकार मिळाला होता. परंतु स्त्रीने रस्त्यात धूम्रपान करणे अशिष्ट समजले जाई आणि त्यामुळे तंबाखूच्या कंपन्यांचे निम्मे गिऱ्हाईक हातचे जात होते. १९२९ साली ईस्टरच्या दिवशी न्यूयॉर्कच्या मिरवणुकीत काही तरुणींनी उघडपणे सिगारेटी ओढल्या. त्या सिगारेटींना ‘स्वातंत्र्याच्या मशाली’ असे नाव देण्यात आले होते आणि वर्तमानपत्रांनी ती बातमी देशभर नेली. या प्रकाराची योजना एडवर्ड बर्नेज या प्रसिद्धितज्ज्ञाने एका तंबाखूच्या कंपनीसाठी केलेली होती. स्वातंत्र्य हा शब्द मिळविण्यासाठी स्त्रियांनी तुरुंगवास सोसला होता. त्याच शब्दाला हाताशी धरून त्यांच्या हाती व्यसन देण्यात आले. म्हणून जाहिरातीत ‘समता’, ‘स्वाभिमान’, ‘मुक्ती’ हे आपल्या परिचयाचे शब्द दिसले तर तेवढ्यावर भुलून जाऊ नये. तो शब्द कोणाच्या लाभासाठी उच्चारला जात आहे, हे पाहावे.

लिंगभेदाच्या या भाषेचा भुर्दंड पैशांतही बसतो. २०१५ साली न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक खात्याने सुमारे ८०० वस्तूंच्या किंमती तपासल्या. पुरुषांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तूंपेक्षा तशाच परंतु स्त्रियांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वस्तू सरासरी ७ टक्के महाग असल्याचे, आणि शरीराच्या निगेच्या वस्तूंत ही तफावत १३ टक्के असल्याचे आढळून आले. वेष्टणावर ‘तिच्यासाठी’ असा शब्द आला की किंमत वाढते, असा याचा सरळ अर्थ आहे.

आधी उणीव, मग उपाय

जाहिरात स्त्रीशी बोलताना बहुधा एका ठराविक रीतीने बोलते. प्रथम ती तिला सांगते की, तुझ्यात काहीतरी उणे आहे. नंतर सांगते की, त्यामुळे तुझे लग्न होणार नाही, नवरा दुरावेल किंवा लोक हसतील. आणि शेवटी डबी पुढे करते. १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत लिस्टरीन नावाच्या चूळ भरण्याच्या औषधाची जाहिरात अशीच होती. मुखदुर्गंधीमुळे लग्न न जमलेली तरुणी तीत दाखविली जाई. औषध त्याच्या कितीतरी आधीपासून दुसऱ्या कामांसाठी विकले जात होते; भीती मात्र नवी तयार करावी लागली.

आपल्या देशात हीच रीत गोरेपणाच्या क्रीमने वापरली. फेअर अँड लव्हली हे क्रीम १९७५ साली बाजारात आले. त्याच्या नावातच सगळा सिद्धांत होता. गोरी आणि गोड हे दोन शब्द एका दोरीने बांधले होते, जणू एकावाचून दुसरे संभवत नाही. पुढे दूरचित्रवाणीवर त्याची एक जाहिरात आली. आपल्याला कमावता मुलगा असता तर बरे झाले असते, अशी खंत बाप व्यक्त करतो. सावळी मुलगी ते ऐकते, क्रीम लावते, उजळते आणि विमानसेविकेची नोकरी मिळवून बापाला सुखी करते. हिचा अर्थ काय होतो तो पाहा. मुलगी म्हणजे मुलग्याच्या अभावी स्वीकारलेली वस्तू, आणि तिची कमाई तिच्या विद्येवर नव्हे तर कातडीवर अवलंबून! अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने या जाहिरातींविरुद्ध तक्रारी केल्या, तो प्रश्न लावून धरला आणि २००३ साली कंपनीला आक्षेपार्ह जाहिराती थांबवाव्या लागल्या. २००९ साली चेन्नईहून ‘काळा रंगही सुंदर आहे’ असे सांगणारी मोहीम सुरू झाली. २०१४ साली भारतीय जाहिरात मानक परिषदेने नियम केला की, कातडीच्या रंगावरून कोणासही हीन, दुःखी किंवा विवाहास व नोकरीस अपात्र असे दाखवू नये. अखेर २०२० साली त्या क्रीमच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द गेला आणि ‘ग्लो’ हा शब्द आला. पंचेचाळीस वर्षांनी एक शब्द बदलला. तो आपोआप बदलला नाही. लोकांनी बोलून, लिहून, तक्रारी करून तो बदलावयास लावला.

पुरुषही यातून सुटलेला नाही. २००५ साली इमामी कंपनीने पुरुषांसाठी फेअर अँड हँडसम हे क्रीम काढले. बायकांचे क्रीम चोरून लावणारा पुरुष त्याच्या जाहिरातीत लाजविला जात असे आणि पुरुषाला पुरुषाचेच क्रीम पाहिजे असे सांगितले जाई. येथे एका दगडात दोन पक्षी मारलेले आहेत. सावळ्या पुरुषालाही आता उणीव चिकटविली, आणि स्त्रीची म्हणून जी वस्तू आहे तिला हात लावणे ही नामुष्की आहे, असेही शिकविले. ज्या मुलाला ‘बायकी’ हा शब्द शिवीसारखा वापरावयास आपण शिकवितो, तो मुलगा आपल्या बहिणीचा आणि पुढे आपल्या पत्नीचा आदर कोठून शिकणार?

या ठिकाणी एका शंकेचा विचार करणे आवश्यक आहे. काही भगिनी म्हणतील, “डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनीच आपल्या स्त्रियांना नीटनेटके राहण्यास, लुगडे नेसण्याची पद्धत बदलण्यास सांगितले होते. मग आम्ही चेहऱ्याला क्रीम लावले तर बिघडले कोठे?” शंका रास्त आहे, म्हणून तिचे उत्तर नीट दिले पाहिजे. महाडला बाबासाहेबांनी ज्या गोष्टी टाकावयास सांगितल्या त्या दुसऱ्यांनी आपल्यावर लादलेल्या जातीच्या खुणा होत्या. पेहरावावरून आणि दागिन्यांवरून माणसाची जात ओळखली जात असे, ती ओळख पुसावी, असा त्यांचा हेतू होता. कातडीचा रंग ही लादलेली खूण नव्हे. ती आपल्या आईबापांची देणगी आहे. एकाने सांगितले की, तुझ्यात काही उणे नाही, म्हणून उणेपणाची खूण फेकून दे. दुसरा सांगतो की, तूच उणी आहेस, म्हणून स्वतःला पुसून टाक. या दोन उपदेशांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आणि ‘वर्ण’ या शब्दाचा अर्थ रंग असाही होतो, हे आपल्याला कोणी सांगावयास नको. एका अर्थाचा वर्ण आपण टाकला. दुसऱ्या अर्थाचा वर्ण डबीत भरून पुन्हा घरात आणावयाचा काय?

स्तुती हीही एक साखळी

स्त्रीला नेहमी हिणवूनच बोलले जाते असे नाही. पुष्कळदा तिची स्तुती केली जाते आणि ती अधिक घट्ट बांधते. १९८० नंतरच्या दशकात सर्फ या धुण्याच्या पावडरीच्या जाहिरातीतील ललिताजी घरोघर माहीत झाल्या. कविता चौधरी यांनी ती भूमिका केली होती. ललिताजी हिशेबी होत्या, दुकानदाराला न भिणाऱ्या होत्या. स्वस्त वस्तू आणि चांगली वस्तू यांतला भेद त्या ठासून सांगत. अशी करारी बाई पडद्यावर दिसली याचे त्या काळी कौतुक झाले व ते योग्यच होते. परंतु त्या सगळ्या करारीपणाला वाव किती मिळाला? धुण्याच्या बादलीएवढा. स्त्री शहाणी आहे हे मान्य केले. पण तिचे शहाणपण नवऱ्याच्या सदऱ्यासाठी आहे, हेही त्याबरोबर पक्के केले.

याचा प्रत्यक्ष आयुष्याशी काय संबंध, असे विचाराल तर आकडे सांगतो. २०१९ साली केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने लोकांचा वेळ कसा जातो याची देशभर पाहणी केली. सहा वर्षांवरील दर १०० स्त्रियांपैकी ८१ जणी घरचे बिनमोबदल्याचे काम करीत होत्या. दर १०० पुरुषांपैकी २६ जण करीत होते. जे हे काम करीत होते त्यांतही स्त्रियांचे रोजचे २९९ मिनिटे आणि पुरुषांचे ९७ मिनिटे जात होते. २०२४ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २८९ आणि ८८ असे आले. म्हणजे पाच वर्षांनी पुरुषाचा वाटा वाढला नाही, उलट घटला. रोज पाच तास ज्या मुलीचे घरकामात जातात तिने अभ्यास केव्हा करावा, संघटनेचे काम केव्हा करावे?

जाहिरातीत निराळे बोलता येतच नाही, असेही नाही. २०१५ साली एरियल या दुसऱ्या एका पावडरीच्या जाहिरातीने, कपडे धुणे हे बाईचेच काम काय, असा प्रश्न विचारला. पुढच्या वर्षीच्या तिच्या चित्रफितीत एक वृद्ध बाप नोकरीवरून आलेल्या मुलीची धावपळ पाहतो आणि तिच्या आईला आपण कधी हातभार लावला नाही, याबद्दल मुलीची क्षमा मागतो. हेतू अर्थात पावडर विकण्याचाच होता. तो कोणी लपविला नाही. परंतु समतेची भाषा बोलूनही माल खपतो, हे त्यावरून दिसून आले.

काही लोक म्हणतात, समाजात जसे आहे तसेच जाहिरात दाखविते. आरशाला दोष देऊन काय उपयोग? यात थोडे तथ्य आहे. परंतु आरसा आपल्यापुढे एका जागी उभा असतो. तो रोज शंभर वेळा आपल्या मागे फिरून तेच ते तोंड दाखवीत नाही. शिवाय आरसा निवड करीत नाही आणि जाहिरात निवड करते. शेतात राबणारी, रस्ता झाडणारी, रुग्णालयात रात्रपाळी करणारी स्त्री समाजात लाखोंनी आहे. आरशात ती कितीदा दिसते?

नोकरीचे दार

आता अशा जाहिरातीकडे वळू की, जिच्यावर आपल्या मुलामुलींची भाकरी अवलंबून आहे. ती म्हणजे नोकरीची जाहिरात. अमेरिकेत एके काळी वर्तमानपत्रांत ‘पुरुष पाहिजेत’ आणि ‘स्त्रिया पाहिजेत’ असे वेगवेगळे रकाने असत. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली पिट्सबर्गच्या एका वर्तमानपत्राच्या प्रकरणात असे रकाने बंद करणारा हुकूम उचलून धरला. आपल्या राज्यघटनेचे १५ वे आणि १६ वे कलम लिंगावरून भेदभाव करण्यास राज्याला मनाई करते, आणि १९७६ च्या समान वेतन कायद्याने नोकरभरतीतही असा भेद करण्यास बंदी केली. उघड भेद अशा रीतीने कायद्याने अडविला. पण शब्दांतला भेद राहिला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी-कॅनेडियन संशोधनात असे आढळले की, नोकरीच्या जाहिरातीत ‘वर्चस्व’, ‘स्पर्धा’, ‘आक्रमक’ या धाटणीचे शब्द अधिक असले की ती नोकरी स्त्रियांना कमी आकर्षक वाटते. त्याचे कारण, हे काम आपल्याला जमणार नाही असे त्यांना वाटते हे नव्हते. तेथे आपल्यासारख्यांना जागा नाही, असे त्यांना वाटत होते.

बंधूंनो, ही भावना आपल्याला नवी आहे काय? दारावर ‘येऊ नका’ अशी पाटी नसते. तरीही आत कोणासाठी जागा आहे हे कळेल अशा रीतीने दार बांधलेले असते. आपण ते आयुष्यभर अनुभविले आहे. मग आपल्याच मुलींना तो अनुभव येत असेल, तर तो आपण सर्वांआधी ओळखावयास पाहिजे. जाहिरातीतील शब्द वाचून मुलगी मागे सरली तर तिला सांगा, “शब्द त्यांचा आहे, पात्रता तुझी आहे. अर्ज कर.”

जी जाहिरात आपण लिहितो

आतापर्यंत मी दुसऱ्यांच्या जाहिरातींबद्दल बोललो. तेथेच थांबलो तर माझे भाषण सोपे होईल, पण प्रामाणिक होणार नाही. कारण एक जाहिरात अशी आहे की, ती कोणी कंपनी लिहीत नाही, आपण लिहितो. ती विवाहाची जाहिरात होय.

मागे एकदा माझ्या परिचयाच्या एका घरातील वडील मुलीच्या लग्नाच्या जाहिरातीचा मजकूर घेऊन शुद्धलेखन तपासण्यासाठी माझ्याकडे आले. मुलगी परिचारिकेचे शिक्षण पूर्ण करून नोकरीला लागलेली. सोबत तीही होती. मजकूर असा होता: गोरी, सडपातळ, सुशील, गृहकृत्यदक्ष. वर्तमानपत्र शब्दांवर पैसे घेते, म्हणून जागा वाचविण्यासाठी वडिलांनी तिच्या पदवीचे नाव खोडून टाकले होते. मी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि कागद परत देऊ लागलो. तेव्हा ती मुलगी शांतपणे म्हणाली, “काका, मी तर सावळी आहे. मग हे वर्णन कोणाचे?”

मला उत्तर देता आले नाही. जाहिरातींवर चार शब्द बोलू शकणारा मी मनुष्य. पण तो मजकूर माझ्या डोळ्यांखालून गेला आणि त्यात मला वेलांटीखेरीज काहीही चुकलेले दिसले नाही. ज्या मुलीने रात्रीचा दिवस करून शिक्षण घेतले, तिचे शिक्षण आम्ही पैसे वाचविण्यासाठी खोडले आणि जो रंग तिचा नाही त्याचे पैसे भरावयास निघालो होतो. वराकडच्या मजकुराशी तो ताडून पाहा. तेथे ‘उच्चशिक्षित’, ‘कायम नोकरी’, ‘स्वतःचे घर’ असे शब्द असतात. मुलाने काय मिळविले ते लिहावयाचे आणि मुलगी कशी दिसते ते लिहावयाचे, ही रीत आपण कोणाकडून घेतली? ज्या समाजव्यवस्थेला आपण नाकारले तिचाच हा शब्दसंग्रह आहे.

हे बदलता येते. २०२० साली परदेशात राहणाऱ्या काही भारतीय वंशाच्या स्त्रियांनी शादी डॉट कॉम या विवाह जुळविणाऱ्या संस्थेविरुद्ध सह्यांची मोहीम काढली. रंग पाहून स्थळे निवडण्याची सोय तेथे होती, ती संस्थेला काढून टाकावी लागली. दूरदेशीच्या मोजक्या स्त्रियांना जे साधले ते आपल्याला आपल्या स्वतःच्या लेखणीने साधणार नाही काय? त्या दिवशी आम्ही तो कागद पुन्हा लिहिला. रंग खोडला, पदवी लिहिली आणि मुलीची अपेक्षा काय ते तिलाच विचारून शेवटच्या ओळीत घातले.

आपण काय करावे

कायदा आणि नियम आपल्या बाजूने आहेत, हे प्रथम जाणून घ्यावे. स्त्रियांच्या असभ्य चित्रणास प्रतिबंध करणारा कायदा १९८६ साली झाला. १९९४ च्या केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत तर असे म्हटले आहे की, स्त्रीला निष्क्रिय व आज्ञाधारक दाखवून तिने कुटुंबात आणि समाजात दुय्यम स्थान घ्यावे असे सुचविणारी जाहिरात प्रसारित होता कामा नये. जाहिरात मानक परिषद १९८५ साली स्थापन झालेली असून कोणाही सामान्य मनुष्याला तिच्याकडे विनामूल्य तक्रार करता येते. लिंगभेदाच्या ठोकळेबाज चित्रणाविषयीही तिने २०२२ साली नियम केले. तक्रारीने काय होते, असे म्हणू नका. इंग्लंडमध्ये जून २०१९ पासून असाच नियम अमलात आला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, बापांना मूल सांभाळण्याची अक्कल नसते असे दाखविणारी चीजची एक जाहिरात लोकांच्या तक्रारींवरून बंद झाली.

परंतु कायद्याच्या आधी घर येते. म्हणून घरात करता येतील अशा काही गोष्टी सांगून मी भाषण संपवितो. पहिली गोष्ट अशी की, जाहिरात पाहताना मुलांपुढे तिच्यातील स्त्रीच्या जागी पुरुष आणि पुरुषाच्या जागी स्त्री ठेवून पाहा. मुले हसली तर का हसली ते त्यांनाच विचारा. उत्तर ती स्वतः शोधतील. दुसरी गोष्ट, ‘मुलगा आईला मदत करतो’ असे बोलणे सोडा. मदत म्हटले की काम आईचे ठरते. भांडी सर्वांनी उष्टी केली असतील तर घासण्याचे कामही सर्वांचे आहे, आणि ‘मी भांडी घासतो’ हे वाक्य मराठीत पूर्णपणे शुद्ध आहे. तिसरी गोष्ट, विवाहाच्या जाहिरातीत मुलीचा रंग लिहू नका आणि दुसऱ्याच्या मुलीचा विचारू नका. आणि ज्या घरात मुलगी शिकलेली आहे त्या घरात तो मजकूर तिच्या हातून लिहून घ्या.

मुलींनो, तुम्हाला शेवटी एकच सांगतो. तुमच्याकडे पाहून कोणी तुमचे वर्णन करू लागला, मग तो कंपनीचा मनुष्य असो, शेजारी असो की माझ्यासारखा जाणता म्हणविणारा काका असो, तर त्या मुलीने मला विचारले तसे त्याला विचारा, “हे वर्णन कोणाचे?” मी त्या प्रश्नाने निरुत्तर झालो होतो. आणखी पुष्कळांनी व्हावे, अशी माझी इच्छा आहे.